डोर्नबोसबाईंची फरशी कोणी नेली?

१

चोर घरात शिरतो, टीव्हीला हात लावत नाही, चांदीचे चमचे जागच्या जागी ठेवतो आणि फरशी तेवढी उचलून नेतो, असं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.

मंगळवारी डोर्नबोसबाई आमच्या कायद्याच्या दुकानात आल्या. दुकान म्हणायचं एवढंच, विकत आम्ही काहीच नाही. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात कायदा शिकणारी आम्ही पोरं एका बंद पडलेल्या बेकरीत बसतो आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं फुकट करतो. चुकलं तर कान धरायला एक वकीलबाई आहेत. त्या दिवशी टेबलाशी मी होते आणि माझ्याबरोबर एल्के होता. एल्के फ्रीसलंडच्या गोठ्यात वाढलेला, सहा फुटांवर उंच, आणि डोकं इतकं सावकाश चालवणारा की प्रोफेसरसुद्धा वाट बघून कंटाळतात. पण एकदा चाललं की थांबत नाही.

डोर्नबोसबाई चाकांच्या वॉकरवर रेलून आत आल्या. सत्तरीला टेकलेल्या, जन्मभर शाळेची साफसफाई केलेल्या. फेब्रुवारीत स्वतःच्याच घरात त्यांचा पाय अडखळला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या चालायला शिकवणाऱ्या केंद्रात होत्या.

"लाकडी फरशीची एक कड फुगून वर आली होती," त्या म्हणाल्या. "तिच्यावर अडखळले. आता तर फरशीच राहिली नाही. घरमालक संस्थेचं पत्र आलंय. म्हणे मी घर सोडून गेले. त्यांच्या माणसानं खिडकीतून बघितलं, आत नुसतं सिमेंट. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही दिलं, तर घर काढून घ्यायला कोर्टात जाणार."

आमच्याकडे भाड्याचं घर मिळतं ते उघड्या सिमेंटवर. फरशी भाडेकरूनं आपली आपण घालायची आणि जाताना उचलून न्यायची. त्यामुळे फरशी गेली की माणूस गेला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

"पोरी, पुढच्या आठवड्यात केंद्रातून मला सोडणार," बाई म्हणाल्या. "पण सोडणार कुठे? घर नसलं तर सरळ वृद्धाश्रमात नेऊन टाकतील. तिथून कोणी परत येत नाही."

एल्केनं विचारलं, "घराची किल्ली कोणाकडे होती?"

"एक माझ्याकडे. एक शेजारच्या लुप्पोकडे, झाडांना पाणी घालायला."

"नातेवाईक?"

"बहिणीचा मुलगा आहे, यानेस. त्याला नाही दिली. त्याच्या हाती किल्ली पडली असती, तर त्यानं मला केव्हाच सामानासकट त्याच्या गावी नेलं असतं. कधीपासून मागे लागलाय."

उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. "चोर सापडला नाही तरी चालेल, मला घर तेवढं मिळू दे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि चोर यानेस निघाला, तर मला सांगू नका."

२

बुधवारी सकाळी आम्ही त्यांची किल्ली घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचलो. लांबच लांब सामाईक गॅलरी आणि ओळीनं सारखी दारं. संस्थेचे निरीक्षक क्रेमर ठरल्याप्रमाणे तिथे आधीच उभे होते. वक्तशीर माणूस, बुटांना पॉलिश, चेहऱ्यावर सुरकुती नाही.

कुलूप शाबूत होतं, दारावर ओरखडासुद्धा नव्हता. आत मात्र खरोखरच सिमेंट. सामान सगळं मागच्या खोलीत रचलेलं आणि वरून प्लास्टिकनं नीट झाकलेलं.

"बघा," क्रेमर म्हणाले. "फरशी काढली, सामान बांधलं. बाई निघाल्या."

"अहो साहेब, बाईंना वॉकरशिवाय दोन पावलं टाकता येत नाहीत," मी म्हणाले. "त्या काय कपाटं डोक्यावर घेऊन पळाल्या?"

"माणसं ठेवली असतील."

"आणि टीव्ही वाऱ्यावर सोडला?"

मी मनात क्रेमरसाहेबांचं नाव संशयितांच्या यादीत पहिलं लिहून टाकलं. जुना भाडेकरू गेला की तेच घर नव्या, चढ्या भाड्यानं देता येतं, हे मला ठाऊक होतं. संस्थेकडे किल्ल्यांची काय वानवा?

एवढ्यात एल्के संडासात गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. मला लाज वाटायला लागली. शेवटी आला तो एकच शब्द बोलत.

"मे."

"काय मे?"

"संडासातल्या वाढदिवसाच्या कॅलेंडरवर मे महिना उघडलाय."

ते कॅलेंडर आमच्याकडे प्रत्येकाच्या संडासात असतं. बसल्या बसल्या कोणाचा वाढदिवस आलाय ते कळतं. घर बदलताना माणूस एक वेळ सोफा विसरेल, पण ते भिंतीवरून काढायला विसरणार नाही.

"डोर्नबोसबाई फेब्रुवारीत पडल्या," एल्के म्हणाला. "मग पानं कोणी उलटली?"

क्रेमर संडासात डोकावून आले. एल्के तोवर सिमेंटवर चक्क पालथा पडला होता आणि गाल जमिनीला टेकवून बैठकीच्या दाराखालून पलीकडे बघत होता.

"ह्यांना बरं वाटतंय ना?" क्रेमरनी मला विचारलं.

"फ्रीसलंडचे आहेत," मी म्हणाले. "तिकडे असंच असतं."

एल्केनं दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोटाला लाकडाचा भुसा लागला होता. दार जुनं, रंग जुना, पण खालची कड ताज्या लाकडाची, पांढरीफटक.

"रेन्स्के," तो म्हणाला, "चोर करवत कशाला घेऊन आला होता?"

३

समोरच्या इमारतीत वीग्मनबाई राहतात. त्यांची खुर्ची खिडकीत आणि पडदे सदा उघडे. अशी साक्षीदार मिळाली की वकिलाला देव भेटल्यासारखं होतं.

"बघितलं की!" त्या म्हणाल्या. "एप्रिलात. जुन्या वस्तूंच्या दुकानाची दोन पोरं फळ्या खाली नेत होती. भर दिवसा."

"तुम्ही कोणाला काही विचारलं नाही?"

"विचारायचं काय? फरशी निघाली म्हणजे बिऱ्हाड निघालं. मला वाईट वाटलं, तीस वर्षांची ओळख, आणि निरोपसुद्धा घेतला नाही बाईनं."

"त्यांना दार कोणी उघडून दिलं?"

वीग्मनबाई जराशा ओशाळल्या. "ते नाही दिसलं. कॉफी करायला उठले होते."

"आणखी कोणी आलं होतं?"

"तो भाचा आला होता नंतर. यानेस. खिडकीला नाक लावून उभा होता. मग जिना असा आपटत उतरला की मला इथे ऐकू आलं."

बाहेर येऊन यानेसला फोन लावला, तर त्यानं आधी मला झोडपूनच काढलं.

"आता वकील लावलेत का मावशीनं माझ्यावर? सांगा तिला, मला काही नको तिचं!"

"यानेस, तुम्ही त्या घरातून काही नेलंत का?"

"मी? काय नेणार? आत होतं काय? ती घरी आल्यावर तिला काय काय लागेल ते बघायला मी गेलो होतो. बघतो तर सिमेंट! घर सोडलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. आईच्या माघारी मला तीच एक आहे, आणि तिनं मला... तेव्हापासून मी केंद्रात गेलोच नाही."

मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे ती घर सोडून गेली नाही?" त्यानं विचारलं. माणूस खोटं बोलत असता तर त्या प्रश्नात एवढा जीव नसता.

मी फोन ठेवला आणि मला रागच आला. निरीक्षकानं सिमेंट बघितलं, सख्ख्या भाच्यानं बघितलं, शेजारणीनं फळ्या जाताना बघितल्या, आणि एकालाही बाईंना विचारावंसं वाटलं नाही. उघडं सिमेंट दिसलं की आम्ही लोक तोंड शिवून घेतो. दुसऱ्याच्या जाण्यात नाक खुपसू नये म्हणे.

"किल्ली होती असा एकच माणूस उरला," एल्के म्हणाला आणि समोर तिसऱ्या मजल्यावरच्या लुप्पोच्या दाराकडे बघायला लागला.

४

लुप्पो साठीच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा, एकटाच राहणारा. ट्राइन, त्याची बायको, जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्यानं दार उघडलं, आम्ही कायद्याच्या दुकानातून आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण घरात घेतलं.

आत चांगलंच उकडत होतं. मे महिना असून हीटर चालू होता. डोर्नबोसबाईंची झाडं खिडकीत टवटवीत उभी होती. फरशी इतकी सुरेख की पाय ठेवायला जीव होईना. बारीक बारीक फळ्या तिरप्या जुळवलेल्या आणि कुठे केसभर फट नाही. बसताना माझी नडगी मधल्या टेबलावर सणकून आपटली. बुटकं लांबडं टेबल, जमिनीपर्यंत चादर सोडलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, टेबल मात्र हललंसुद्धा नाही.

"लागलं का?" लुप्पो घाईनं म्हणाला आणि चादर सारखी करायला लागला. कॉफी आली. बिस्किटांचा डबा आला, एकेक बिस्किट देऊन झाकण लागलं. एल्केनं आणखी एक मागितलं. मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे दुसरं बिस्किट मागणं म्हणजे जवळजवळ दरोडाच. लुप्पोनं मात्र हसून अख्खा डबा पुढे केला.

"झाडं मी फेब्रुवारीतच इकडे आणली," तो म्हणाला. "त्यानंतर त्या घरात पाऊल टाकलं नाही. त्या क्रेमरसाहेबांनी विचारलं, तेव्हाही हेच सांगितलं."

"फरशी कोणी नेली, काही अंदाज?"

"मला काय माहीत?" तो कपाकडे बघत राहिला. "बाई कशा आहेत? जेवतात का नीट? फार हाल झाले हो त्यांचे."

निघताना त्याला खुर्चीतून उठताच येईना. दोन्ही हातांवर जोर देऊन, ओठ दाबून उठला.

गॅलरीत आल्यावर मी म्हणाले, "हा माणूस चोर असेल तर मी कायदा सोडून दूध काढायला तुझ्या गोठ्यात येते. किती भला आहे!"

"भला आहे," एल्के म्हणाला, "आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटं बोलला."

५

गुरुवारी सकाळी दुकानात बसून एल्केनं गणित मांडलं. उत्तर द्यायला एक दिवस उरला होता.

"कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्लीनं उघडलं. क्रेमरकडे किल्ली असती, तर खिडकीतून डोकावून पत्र कशाला लिहिलं असतं? आत शिरून पंचनामाच केला असता. राहिला लुप्पो. तो म्हणतो फेब्रुवारीपासून गेलो नाही. पण तिथल्या कॅलेंडरवर मे आहे. तू कोणाच्या संडासात बसलीस आणि जुना महिना दिसला, तर काय करशील?"

"पान उलटीन. न कळत."

"सगळेच उलटतात. त्यानंही उलटलं. मग दार. खालून कापलं कोणी? फरशी पळवणारा दारं कापत नाही. त्याला काय पडलंय? दार कापावं लागतं ते कधी?"

मागच्या वर्षी मैत्रिणीच्या खोलीत आम्ही नवी फरशी घातली होती आणि मग दार उघडेचना, ते मला आठवलं. "नवी फरशी जुनीपेक्षा जाड असेल तेव्हा."

"मग हा माणूस फरशी न्यायला आला होता की घालायला?"

"घालायला!" मी म्हणाले.

"आणि नव्या फळ्या आणल्या आणल्या घालता येत नाहीत. घरातल्या उबेत आडव्या ठेवाव्या लागतात, नाहीतर नंतर फुगतात. काल तुझी नडगी कशावर आपटली, रेन्स्के?"

आम्ही सायकली काढल्या. जाताना आमच्यातल्याच नूरला बरोबर घेतलं, आणि त्यामागे कारण होतं. लुप्पोनं दार उघडताच एल्केनं आधी तेच सांगितलं. "हे बघा, आम्ही दोघं डोर्नबोसबाईंचे. तुम्ही बोलाल ते आम्हाला त्यांच्यासाठी वापरावं लागेल, मग त्यात तुमचं नुकसान झालं तरी. ही नूर तुमची. आधी हिच्याशी बोला, ती आम्हाला काही सांगणार नाही. टेबलावरची चादर आम्ही उचलणार नाही."

लुप्पोनं स्वतःच चादर उचलली. खाली फळ्यांचे गठ्ठे होते.

"किती दिवस हे उरावर घेऊन बसू?" तो म्हणाला. "माझी ट्राइन आजारी होती, तेव्हा ही बाई रोज संध्याकाळी यायची. दिवसभर शाळा पुसून यायची आणि तिच्या उशाशी बसायची, का, तर मला थोडी झोप मिळावी. शेवटपर्यंत आली. ह्याची परतफेड काय करणार माणूस? पूर्वी मी फरश्या घालायचो. म्हटलं, त्या घरी येतील तेव्हा पाय अडखळणार नाही अशी फरशी घालून ठेवू. गुपचूप. चकित करू."

"मग?"

"जुनी काढली, जुन्या वस्तूंच्या दुकानाला देऊन टाकली, दारं कापली, आणि गुडघ्यांनी दगा दिला. आठवडाभर अंथरुणात होतो, डॉक्टर घरी आला. मग तो क्रेमर दारात. कोणी काढली फरशी? अहो, मला सरकारकडून पैसे मिळतात तेच गुडघे निकामी झाले म्हणून! मी काढली म्हटलं असतं, तर सरकार म्हणालं असतं, याचे गुडघे चांगले चालतात की. घाबरलो. माहीत नाही म्हणालो. मग दर आठवड्याला बाईंना भेटायला जायचो आणि तोंड उघडायचं नाही. मी त्यांना फरशी द्यायला निघालो होतो आणि त्यांचं घर घालवून बसलो."

तो रडायला लागला. एल्के आणि मी बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिलो. नूर आत बसली. आतून बराच वेळ तिचा आवाज येत होता. लुप्पो न बोलला तर शुक्रवारी आमच्या हातात काय होतं? एक कॅलेंडर आणि चिमूटभर भुसा. आणि त्याला बोल म्हणायचा अधिकार आम्हाला नव्हता.

शेवटी दार उघडलं. लुप्पो दाराला धरून उभा होता.

"ही पोरगी म्हणते, मी आपण होऊन सरकारला कळवावं," तो म्हणाला. "कामाचे पैसे घेतले नाहीत, शेजाऱ्याची मदत होती, आणि डॉक्टर आला होता तोच गुडघ्यांचा पुरावा. पण खात्री देता येत नाही, असंही म्हणते."

"नाहीच देता येत," नूर हळूच म्हणाली.

"नसू दे. माझ्या ट्राइनजवळ बसायला बाई आल्या, तेव्हा त्यांनी आधी खात्री मागितली नव्हती. लिहून घ्या."

६

शुक्रवारी क्रेमरनी लुप्पोचं म्हणणं वाचलं, मग चष्मा काढून पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, फाटे फोडतील. ते म्हणाले, "माझी आईसुद्धा वॉकरवर चालते. खिडकीतून बघितलं आणि पुढे विचारायचं सुचलंच नाही मला." दुपारपर्यंत संस्थेनं मागणी लेखी मागे घेतली. मनातल्या यादीत मी त्यांचं नाव पहिलं लिहिलं होतं, ते मुकाट्यानं खोडलं.

लुप्पोचे पैसेही पुढे चालूच राहिले, पण ते कळायला वेळ लागला. त्या शुक्रवारी त्याला ते ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच मला त्या माणसापुढे आजही वाकावंसं वाटतं.

शनिवारी आम्ही सगळं दुकान घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झालो. लुप्पोला खुर्चीत बसवलं आणि उठायचं नाही असा दम भरला. तो बसून आम्हाला शिव्या घालत होता. "अरे, हे काय जोडलंस? वकिली करतोस का फळी ठोकतोस? काढ ती!" यानेस गाडी घेऊन आला होता. तो मुकाट्यानं फळ्या कापून देत होता आणि मध्येच डोळे पुसत होता, म्हणे भुसा गेला.

पुढच्या बुधवारी डोर्नबोसबाई घरी आल्या. यानेसनं त्यांना आणलं. केंद्रात जाऊन तो काय बोलला ते आम्हाला कळलं नाही, पण बाईंनी त्याचा हात सोडला नव्हता. लुप्पो दारात अपराध्यासारखा उभा होता. त्यानं सगळं सांगितलं, बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गाढवा," त्या म्हणाल्या. "मला सांगायचंस ना. मी रोज रात्री विचार करत होते, असं कोणाचं मी काय वाईट केलं." मग त्यांनी त्याच्या गालाला हात लावला आणि तो तसाच ठेवला. "ट्राइनला केवढी आवडली असती रे ही फरशी."

मग त्या आत आल्या. वॉकर आवाज न करता फरशीवरून सरकला. दारं उघडली, कुठे घासली नाहीत. त्या खोल्याखोल्यांतून फिरल्या, आम्ही सगळे त्यांच्या मागे. खिडकीशी खुर्ची होती, तिच्यात बसल्या आणि आमच्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हा पोरांचे आभार कसे मानू?"

एल्के लाल झाला आणि आपल्या बुटांकडे बघायला लागला. मला सांगायचं होतं की बाई, आभार आम्ही मानायचे. वर्गात मला कलमं पाठ झाली होती, पण कायदा कशासाठी असतो ते तुमच्या घरात कळलं. पण तेवढा अवसर बाईंनी दिलाच नाही.

"बरं, आता निघा बघू सगळे," बाई एकदम म्हणाल्या. "लुप्पो, तूसुद्धा. यानेस, तू रविवारी ये. मला जरा माझ्या घरात एकटीला बसू द्या."

ज्या बाईंना घराबाहेर काढायला निघाले होते, त्यांनी आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं. आम्ही गॅलरीत उभे राहिलो. मागे दार लागलं आणि आतून किल्ली फिरल्याचा आवाज आला.